मर्यादेने मागितलेलं वचन

त्या राज्याला तटबंदी नव्हती. समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये वाळूची एक लांबट टेकडी होती आणि तिच्यावर मर्यादा नावाची जांभळ्या फुलांची वेल आपल्या सहा बहिणींसह राहत होती. पेरापेराला मुळं सोडून त्या वाळू धरून ठेवत. त्यांच्या आडोशाला कासविणी अंडी घालत, कोळणी मासळी वाळवत आणि टेकडीमागच्या विहिरीला गोडं पाणी असे. दर उधाणाला समुद्र टेकडीपाशी येऊन विचारी, "कुठवर येऊ?"

मर्यादा म्हणे, "इथवर."

आणि तो थांबे. वस्तीतल्या कुणाला हे बोलणं कधी ऐकू आलं नव्हतं.

राजा भद्रसेनाने टेकडीमागे नवा महाल बांधला. त्याच्या गच्चीवरून समुद्र दिसेना, तेव्हा टेकडी सपाट करून तिथे बाग लावायचा हुकूम त्याने दिला. राजवाड्याकडून वस्तीला तीन दिवस गोडाचं जेवण मिळालं आणि त्या तीन दिवसांत वस्तीने सगळ्या वेली उपटून काढल्या. ओल्या वेली पेटेनात, म्हणून त्यांच्यावर तेल ओतलं. मर्यादेचं वीतभर खोड तेवढं वाळूत गाडलेलं राहिलं. तिथून तिला सगळं ऐकू येत होतं. कोणत्या बहिणीचा तडतडाट कधी थांबला, तेही तिला कळलं.

पुढच्या उधाणाला समुद्र आला तेव्हा टेकडी नव्हती.

"मर्यादे, आहेस का? कुठवर येऊ?"

"तुला वाटेल तिथवर."

समुद्र बाग ओलांडून विहिरीत उतरला. पाणी खारट झालं. मासळी वाळवायला कोरडी जागा उरली नाही. कासविणी आल्या, किनाऱ्यावर फिरल्या आणि परत गेल्या. तेव्हा देवकाबाय नावाची म्हातारी कोळीण महालात जाऊन म्हणाली, "महाराज, वेल होती तोवर पाणी थांबत होतं."

राजाने सारा किनारा धुंडाळला. मर्यादेच्या खोडाला दोन पानं फुटली होती. तो अनवाणी तिच्यापुढे उभा राहिला.

"परत ये. काय हवं ते माग."

"जिथे मला मूळ धरायचं असेल, तिथे मी धरीन. तोवर आणि त्यानंतर मला कुणी हात लावायचा नाही."

"एवढंच?" राजा हसला. त्याने सगळ्यांसमोर वचन दिलं आणि वस्तीकडूनही वदवून घेतलं.

वेल वाढू लागली. जुन्या टेकडीच्या जागी लोक तिची वाट पाहत उभे होते. ती तिथे थांबली नाही. बागेतून पुढे गेली. चांगली वाळू शोधत असेल, असं लोक म्हणाले. ती विहिरीवरून पुढे गेली. मग लोक आपापल्या घरांकडे बघू लागले.

देवकाबायच्या दारावरून ती जाऊ लागली, तेव्हा म्हातारी तिच्याजवळ मातीत बसली. "बये, माझं घर मागे राहील गं. इथेच थांब ना."

"तू जेवलीस त्यांचं गोडाचं?"

"जेवले. नातवालाही भरवलं."

"मग सामान हलव."

वेल महालाच्या पायऱ्यांपाशी आली, तेव्हा राजा कोयता घेऊन बाहेर धावला. अंगणाभोवती सगळी वस्ती उभी होती. कुणी त्याला अडवलं नाही. सगळे फक्त त्याच्या हाताकडे बघत होते. राजाने कोयता खाली टाकला. वेल चौथऱ्याला वळसा घालून महालाच्या मागे गेली आणि तिथे तिने पेरापेराला मूळ धरलं.

उधाण आलं. समुद्राने लांबूनच विचारलं, "मर्यादे, कुठवर येऊ?"

"इथवर," ती महालामागून म्हणाली.

तीन उधाणांत महाल गेला. गच्ची सगळ्यात शेवटी गेली.

आता राजा वेलीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला एका झोपडीत राहतो. रोज डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खांद्यावरून आणून वेलीला घालतो. शेळ्या हाकलतो. कुणाचा पाय तिच्यावर पडला, तर तोच हात जोडून माफी मागतो. वेल त्याच्याशी बोलत नाही. ती चांगली फोफावली आहे, टवटवीत आहे.

काल सकाळी तो घागर घेऊन झऱ्याकडे जायला झोपडीच्या मागच्या दाराने बाहेर पडला. उंबरठ्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, एक जांभळं फूल नुकतंच उमललं होतं.