बर्फावरून आलेला सखाहरी

गाव कुठलंही घ्या, एक तरी भोळा त्यात निघतोच. आमच्या वाट्याला सखाहरी आला होता. वय बत्तीस, अंगानं धडधाकट, खोड एकच. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेवढ्यानंच त्याचं लग्न अडलं होतं.

त्याची आई सगुणाबाई माझ्या दुकानात मीठ न्यायला आली की म्हणायची, "शेठ, ह्याचे दोनाचे चार झाले की मी डोळे मिटायला मोकळी."

मी म्हणायचो, "मावशी, आधी त्याचे उघडू द्या."

सखाहरीचे केरूमामा पुण्याला कामाला. तिथं एका मॉलात बर्फाचं मैदान केलंय. बुटाखाली पाती लावून माणसं त्यावर गरागरा फिरतात. हौस म्हणून, बरं का! मामा तिथं ते बूट वाटायचे. त्यांनी भाच्याला महिनाभर हाताखाली नेला. पडलेल्यांना उचलायचं काम. पण उचलणारा आधी उभा राहायला हवा, म्हणून तिथल्या मास्तरांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. आणि फिरताना मध्येच थांबायचं नाही, मागचा येऊन आदळतो.

महिन्यानं सखाहरी परत आला. "मुलगा पुण्याला कामाला होता" एवढ्या भांडवलावर मामांनी खडकवाडीचं स्थळ आणलं. रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं.

"चार दिवस आहेत," सगुणाबाई म्हणाली. "चारच दिवस नीट वाग रे राजा."

"वागतो की," सखाहरी म्हणाला.

पहिल्या दिवशी सगुणाबाईनं घर सारवलं. अजून ओलंच होतं. सखाहरी बाहेरून आला तो पाय न उचलता. दारापासून चुलीपर्यंत दोन लांब सरळ रेघा. बैलगाडी घरात शिरल्यासारख्या.

"अरे मेल्या, हे काय केलंस?"

"पाय उचलायचा नाही, सरकवायचा. मास्तर म्हणाले होते."

"तो बर्फ होता! हे शेण आहे! माणसानं पाय उचलून चालावं!"

"बरं," सखाहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं. पंगत बसली. सखाहरीच्या हातात आमटीची बादली दिली. तो निघाला. आईचं ऐकून गुडघा छातीपर्यंत उचलत, मास्तरांचं ऐकून कुठंही न थांबता. पंगतीला एक फेरा झाला. दुसरा झाला. लोक भातात आळं करून बसलेले.

"सखाहरी, आमटी!"

"आलो आलो," म्हणायचा आणि पुढे जायचा.

पाचव्या फेऱ्याला भात गार झाला. आमटी बादलीत होती तेवढीच. ताक मागवून लोकांनी जेवण उरकलं.

"थांबला का नाहीस?" आईनं कपाळावर हात मारला.

"मागचा आदळला असता. मास्तर म्हणाले होते."

"मागं कोण होतं तुझ्या?"

"मी न थांबल्यामुळंच कोणी आदळलं नाही."

"अरे, माणूस दिसला की थांबावं. वाकावं. 'वाढू का?' म्हणून विचारावं!"

"बरं," सखाहरी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेतात दोन भाऊ बांधावरून भांडत होते. हात उगारलेले, शिव्या चाललेल्या. सखाहरी थांबला. वाकला. अदबीनं म्हणाला, "वाढू का?"

भावांनी आपसातलं भांडण बाजूला ठेवलं आणि दोघांनी मिळून त्यालाच पोटभर वाढलं.

सगुणाबाई रात्री हळद लावत म्हणाली, "मोठ्या माणसांत आपण होऊन तोंड उघडू नये, लेकरा. विचारलं तरच बोलावं. आणि विचारलं, तर मात्र काही न लपवता सांगावं."

"बरं."

चौथ्या दिवशी तो घरातून हललाच नाही. कोणी काही विचारलंही नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली.

रविवारी आम्ही खडकवाडीला गेलो. सगुणाबाई, मामा, मी आणि डोक्याला तेल लावलेला सखाहरी. पोहे आले, मुलगी आली, चहा आला. सखाहरी गप्प. खडकवाडीकरांना ते फार आवडलं. "मुलगा मोठा शांत आहे हो," मुलीची आई म्हणाली. सगुणाबाईचे डोळे भरून आले. नारळ ताटात येऊन बसला.

तेवढ्यात मुलीच्या थोरल्या चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एक विचारतो, राग मानू नका. मुलगा शहरात महिनाभर राहिला. वय हे असं. तिथं कुठं पाय-बिय घसरला नाही ना?"

विचारलं होतं. सखाहरी बोलला.

"घसरला की! पहिल्याच दिवशी सतरा वेळा."

चुलत्यांची बशी हातातच राहिली. "सतरा?"

"पुढं मोजायचं सोडलं. मामांनीच नेलं होतं."

सगळे मामांकडे बघू लागले. मामा म्हणाले, "अहो, बर्फ..." पण ठसका लागला आणि पोहे नाकात गेले.

"मामा पाच वर्षं तिथंच आहेत," सखाहरी म्हणाला. "रविवारी तर उभं राहायला जागा नसते. चांगल्या घरच्या बायका येतात. तिकीट काढून घसरतात."

"तिकीट काढून!" चुलते उठून उभे राहिले. मुलीच्या आईनं मुलीला आत ओढलं. ताटातला नारळ कोणीतरी उचलून नेला.

सगुणाबाईनं लेकाचा सदरा ओढला. पण काही लपवायचं नाही असं तिनंच सांगितलं होतं. आत जाणाऱ्या मुलीकडे बघून सखाहरी मायेनं म्हणाला, "काका, हिची काळजी करू नका. हिचा पाय अजून घसरला नसेल, तर लग्न झाल्यावर मी शिकवीन."