हात वर करणारे

चाचांचं एक पान कमी कसं?

ऋजुताने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दुपारी बारापासून तिच्या लॅपटॉपवर वहीची सहा पानं भरली होती. दस्तगीरचाचांच्या मशीनवर पाच.

बारालाच त्यांच्या डिजिटल नाण्याचा नवा नियम लागू झाला होता. नियम ऋजुताने लिहिलेला. त्यासाठी दोन वर्षं तिने जिवाचं रान केलेलं. या नाण्याला मालक नाही. प्रत्येकाच्या मशीनवर तीच एक हिशेबवही. नियम सगळ्यांनी बदलला तर ठीक, नाहीतर एका वहीच्या दोन वह्या.

आता तिची नऊ आणि त्यांची सहा.

"म्हातारबुवांनी नव्या नियमाचा प्रोग्रॅम टाकलाच नाही वाटतं!"

तिने फोन लावला. नुसतीच रिंग.

गेल्या शुक्रवारी ती टेकडीवरच्या दर्ग्यात त्यांना भेटून आली होती. चाचा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. यातलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा तिला त्यांनीच शिकवलेलं.

"शंभरातल्या पंच्याण्णव मशीनांनी 'तयार' म्हणून कळवलंय, चाचा. आता काय राहिलं?"

चाचा ओट्यावरच्या मंडळींकडे वळले.

"ऊन आलं की रे. सावलीत कोण कोण सरकणार?"

सगळ्यांचे हात वर. ऋजुताचाही.

चाचा एकटेच उठले आणि सावलीत जाऊन बसले.

"चाचांचं आपलं काहीतरीच!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले... उन्हातच.

पुन्हा फोन. पुन्हा रिंग.

हाताला चाळा म्हणून तिने सहावं पान उघडलं. पान नव्या नियमात बसतच नव्हतं. ते नाकारायला हवं होतं. मग माझ्या मशीनने घेतलं कसं?

तिने प्रोग्रॅम तपासला.

जुना.

'तयार'ची खूण तिने जानेवारीतच केली होती, सगळ्यांच्या आधी. नवा प्रोग्रॅम मात्र... लोकांना पटवता पटवता टाकायचा राहूनच गेला.

आणि त्या पंच्याण्णवांतले असे किती?

चौदा आणि सात.

मागे राहिले होते ते चाचा नव्हतेच. खरी वही त्यांचीच होती. तिने तिसऱ्यांदा फोन लावला.

उचलला.

"चाचा... अहो, मी... माझंच मशीन..."



"अजून उन्हातच का गं, बेटा?"