न सोसणारा वेग

"...पण महाराज, जिथे मी कधी गेलोच नाही, तिथली चित्रं खरी कशी?"

भूपाल मगदूम चालता चालता विचारत होता. मुनिमहाराज थांबले नाहीत.

चालताना ते बोलत नसत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून नजर चार हात पुढच्या जमिनीवर असे. बोलायचं झालं तर ते थांबत. दीक्षा घेतल्याला तीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते कुठल्याही वाहनात बसले नव्हते. त्याआधी ते गावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. भूपाल त्यांचा विद्यार्थी.

आता भूपाल एकाहत्तर वर्षांचा होता, नावाजलेला चित्रकार. पन्नास वर्षं त्यानं उड्डाणाशिवाय काही रंगवलं नव्हतं. घारीचे पंख, ग्लायडर, अग्निबाण, काळ्या अवकाशात पृथ्वीची निळी कड.

यंदा एका परदेशी कंपनीनं त्याला अवकाशयानातून पंधरा मिनिटं वर न्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि नकार दिला. इतका वेग सोसणार नाही, म्हणाले.

पुढच्या महिन्यात पुण्यात त्याच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. ते रद्द करा, चित्रं मी जाळणार आहे, असं गॅलरीला लिहिलेलं पत्र त्याच्या खिशात होतं. महाराजांनी हो म्हणावं, म्हणजे ते पेटीत टाकायचं.

"पाचवीत मी घारीला दिसेल तसं गाव काढलं होतं," भूपाल म्हणाला. "तुम्ही विचारलंत, वर गेला होतास का? आणि दहापैकी चार दिलेत."

महाराज चालत राहिले...

ओढा ओलांडून पलीकडे गेल्यावर ते थांबले.

"चार नाही. तीन."

आणि पुन्हा चालू लागले.

डोक्यावरून विमान गेलं. भूपालची मान सवयीनं वर झाली. ते ढगाआड जाईपर्यंत तो बघत राहिला, पाय चालतच होते.

खाली पाहिलं तेव्हा महाराजांची पिंछी, जीवजंतू अलगद बाजूला सारायचा मोरपिसांचा कुंचा, त्याच्या पायांपुढे आडवी होती. पिंछीपलीकडे मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती.

ती संपायची वाट बघत महाराज उभे राहिले. रांग संपेना. मग ते वळसा घालून पुढे गेले. भूपालही गेला, पण मनातून चिडला. आपण जन्माचा प्रश्न घेऊन आलो आणि हे मुंग्या सांभाळतायत.

पुढच्या गावाच्या वेशीवर, दूध डेअरीच्या भिंतीला टपालपेटी होती. भूपालनं पत्र काढलं.

"टाकू?"

महाराज थांबले. पत्राकडे पाहत राहिले.

"तुमचं बरं आहे," भूपाल म्हणाला. "नेम धरला आणि चालत राहिलात. पण तोही कधीच मोडलाय, महाराज. वाहनात बसत नाही म्हणता, आणि बसलात ते पृथ्वीवर. हीसुद्धा धावतेच आहे. सूर्याभोवती."

आपण फार बोललो, असं त्याला लगेच वाटलं. पत्र त्यानं पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं.

महाराजांचा चेहरा बदलला नाही. पूर्वी वर्गात एखाद्याचं चित्र हातात घेऊन बघत, तसं ते त्याच्याकडे बघत होते.

"किती वेगानं?"

"सेकंदाला तीस किलोमीटर."

"आणि डॉक्टर ज्याला नाही म्हणाले तो वेग?"

"तो..." भूपालनं मनाशी हिशेब केला. "तो सेकंदाला एक. एकच किलोमीटर."

डेअरीच्या आत कुणीतरी कॅन आपटला.

महाराज एक पाऊल जवळ आले. पिंछी उचलून त्यांनी ती अलगद भूपालच्या छातीवर टेकवली. मघाशी मुंग्यांपुढे धरली होती, तशीच.

भूपालचा पत्राचा हात फटीपाशीच राहिला...

"एकाहत्तर वर्षं झाली," महाराज म्हणाले. "सोसतंय की."