दिवाणजींचा दुसरा शब्द

ऐका. फार जुन्या काळातली गोष्ट आहे, समुद्राला लोक अजून हात जोडून बोलत तेव्हाची.

खाडीच्या मुखाशी एक नगर होतं. तिथे मिठाची एक मोठी पेढी होती आणि पेढीचा सारा कारभार एका दिवाणजींच्या हाती होता. मीठ वाहणारा हमाल म्हणून ते आले आणि अंगच्या हुशारीने दिवाणजी झाले. पण मोठे झाल्यावर ते हमाल-कुंभारांच्या खालच्या आळीला विसरले नाहीत. तिथे त्यांनी गोड्या पाण्याची विहीर खोदवली, भांडणं मिटवली, गरिबांची गाऱ्हाणी दरबारात नेली. लोकांनी त्यांना नगराचा पंच केलं. दिवाणजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणत.

खालची आळी समुद्रापासून वाचली होती ती एका मातीच्या बांधामुळे. त्या वर्षी पेढीच्या शेठला नवी मिठागरं हवी झाली आणि त्यासाठी बांधाच्या पायथ्याची माती उपसली गेली. हुकुमावर शिक्का होता दिवाणजींचा.

बांधाच्या राखणदाराने तक्रार केली. आठवड्याच्या आत शेठने त्याला बायकामुलांसह होडीत बसवून परमुलखात धाडलं. त्याच्या दाराला कुलूप लागलं. त्या दारावरून जाताना दिवाणजी मान खाली घालत.

अमावास्येचं मोठं उधाण सहा दिवसांवर आलं, तेव्हा राजाने भर दरबारात विचारलं, "पंच, बांध धड आहे ना?"

शेठ समोरच बसला होता. तो दिवाणजींकडे रोखून पाहत होता.

"धड आहे, महाराज," ते म्हणाले.

दरबार सुटला. संध्याकाळी त्यांचे पाय आपोआप बांधाकडे वळले. पायथ्याशी खेकड्यांची बिळं होती. एका बिळात त्यांनी हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि आत बोटांना गार, वाहतं पाणी लागलं. त्यांनी हात चटकन मागे ओढला.

तेवढ्यात खालून हाक आली. आवडाई कुंभारीण अंगणात मडकी वाळत घालत होती. म्हातारीचा एक पाय अधू होता, आणि दारात तिची सून बसली होती, दिवस भरत आलेली.

"दिवाणजी, बरं झालं बाई तुम्ही बोललात! आळी गाठोडी बांधून टेकडीवर निघाली होती. मी म्हटलं, दिवाणजींनी राजापुढे शब्द दिलाय, आता कशाला हलायचं? सोडली सगळ्यांनी गाठोडी."

दिवाणजींना पुढे उभं राहवेना. घरी पानावर बसले आणि तसेच उठले. आतापर्यंत त्यांना शेठची भीती वाटत होती. आता त्या सोडलेल्या गाठोड्यांची वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दरबाराच्या पायऱ्या चढत होते, तोच शेठ आडवा आला. हळूच म्हणाला, "राखणदाराचं घर अजून रिकामंच आहे हो, दिवाणजी. आणखी घरंही रिकामी होऊ शकतात."

तरी दिवाणजी आत गेले.

"महाराज, काल मी खोटं बोललो. भिऊन बोललो. आजही भ्यालेलोच आहे. बांध आतून पोखरला आहे. माती उपसायच्या हुकुमावर शिक्का माझा आहे."

दरबारात कुजबुज उठली. शेठ हसला. "काल एक, आज दुसरं! महाराज, अशा माणसाचं काय ऐकायचं?"

राजाचा चेहरा कठोर झाला. "पंच, तुझा कोणता शब्द खरा धरू?"

"एकही धरू नका, महाराज. चला, आणि बिळात हात घालून पाहा."

राजा स्वतः गेला. हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं. त्याने तिथल्या तिथे शेठला कैद केलं आणि आळी रिकामी करायचा हुकूम दिला.

पण लोक हलेनात. "काल धड, आज फुटका! उद्या पुन्हा धड म्हणाल!" कोणीतरी चिखल फेकून मारला. तो न पुसता दिवाणजी आवडाईच्या दारात उभे राहिले.

"आवडाई, मी भ्यालो होतो गं. तुमच्या जिवापेक्षा मला माझं घर मोठं वाटलं."

म्हातारीने त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलली आणि सुनेला म्हणाली, "ऊठ पोरी. हा माणूस आज खरं बोलतोय." तिच्यामागून सारी आळी टेकडी चढली.

अमावास्येला भर दुपारी समुद्र चढला. बांध एका जागी खचला आणि मग एकदम फुटला. टेकडीवरून लोक पाहत होते. चाळीस घरं विरघळली, मडक्यांची भट्टी गेली, विहीर खारी झाली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

राजाने राखणदाराला मानाने परत आणवलं. दिवाणजींचं पंचपद काढून घेतलं, आणि ते रास्तच होतं. पेढीवरची जागा त्यांनी आपणहून सोडली. दोन वर्षं ते नव्या बांधावर डोक्यावरून माती वाहत होते.

बांध पुरा झाला त्या दिवशी आळीतले लोक जमून त्यांच्याकडे आले. "आमचे पंच पुन्हा तुम्हीच व्हा."

दिवाणजींनी हात जोडले. "नको. मी पुन्हा भिईन."

आवडाई पुढे झाली. "भी की, बाबा. भीती कुणाला चुकलीय? पण आम्हाला सांगून भी."

तात्पर्य: भिणं हा पुढाऱ्याचा दोष नव्हे, आपल्या शब्दावर विसंबलेल्यांपासून संकट लपवणं हा मात्र दोष आहे.