ओढ्याची तक्रार आणि बिननावाची सही

एका गावात बुधा नावाचा एक भोळा म्हैसवाला होता. म्हशीला "थांब" म्हटलं आणि ती थांबली नाही, तर बिचारा स्वतःच थांबायचा.

अण्णा थोरबोलेंचा रंगाचा कारखाना गावच्या ओढ्यातूनच पाणी घ्यायचा आणि घाण पाणी ओढ्यातच सोडायचा. ओढा आज निळा, तर उद्या लाल. ते पिऊन बुधाची म्हैस आटायला लागली. पण तक्रार करणार कोण? दुधाची डेअरीही अण्णांचीच. नाव कळलं की त्या घरचं दूध बंद.

मग शाळेच्या मंदाबाईंनी तक्रार लिहून तिच्यावर मोबाइलवरची नवी सही करायला सुचवलं. तालुक्याच्या कचेरीने सगळ्या गावाची कागदपत्रं तपासून ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये तशी खूण घालून दिली होती. अंगठा टेकवून सही केली की एवढंच उमटायचं: 'या गावचा, सज्ञान, ओढ्याचं पाणी वापरणारा.' सही खरी आहे हे कचेरीला कळे. कुणाची, ते कुणालाच कळत नसे.

बाईंनी बुधाला बजावलं, की नाव सांगायचं नाही, आपण काय आहोत तेवढंच सांगायचं. बुधाने सही केली आणि दाढ दुखत होती म्हणून दवाखान्यात गेला. नर्सने नाव विचारलं.

"या गावचा, सज्ञान, ओढ्याचं पाणी वापरणारा."

बाकावर बसलेले सगळेच तसले. गोंधळात बुधाला कुत्रं चावल्याचं इंजेक्शन मिळालं.

बायकोने, सगुणाने, कपाळाला हात लावला. "अहो, कुणी विचारलं की पुरतं नाव सांगावं."

दुसऱ्या दिवशी दाढेसाठीच तो तालुक्याला निघाला. एसटीत कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं?

"बुधाजी कोंडिबा वाघमोडे."

कंडक्टरने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मग त्याने घंटी मारली आणि बुधाला माळावर उतरवलं. बुधा दाढ धरून चालत घरी आला.

आता मंदाबाईंनी समजावलं, की जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं, एक अक्षर जास्त नाही. आणि जाता जाता म्हणाल्या, तक्रारीला अजून एक सही कमी पडतेय, गावचा, सज्ञान, ओढ्याचं पाणी वापरणारा कुणीही चालेल.

"कुणीही?" बुधाने विचारलं.

"कुणीही."

बुधा विचार करत निघाला. ओढ्याचं पाणी सगळ्यात जास्त कोण वापरतं? तो थेट कारखान्यात गेला आणि तक्रार अण्णांच्या मोबाइलवर पाठवली. अण्णा हिशेबनिसावर डाफरत होते. त्यांनी विचारलं, कशाबद्दल आहे? बुधा म्हणाला, ओढ्याबद्दल. चांगलं काम आहे ना? चांगलं आहे. पुढे अण्णांनी विचारलं नाही, म्हणून बुधाने सांगितलं नाही. अण्णांनी न वाचताच अंगठा टेकवला.

आठवड्याने तालुक्याचे साहेब ग्रामसभेत तक्रार घेऊन आले. कारखान्याचं पाणी ओढ्यात सोडणं आजपासून बंद, म्हणाले. अण्णा उसळले. सह्या खोट्या आहेत, नावं सांगा, एकेकाला बघतो. साहेब म्हणाले, सह्या अस्सल आहेत, नावं आम्हालाही ठाऊक नाहीत.

अण्णांनी तक्रार नीट पाहिली. मग स्वतःचा मोबाइल पाहिला. त्यांचा चेहरा ओढ्यासारखा निळा झाला, मग लाल.

"साहेब, ह्यातली एक सही माझी हाय. ती काढा."

"कुठली?"

अण्णांनी बघितलं. सगळ्या सह्या अगदी एकसारख्या. सभेत कुणीतरी फिसकन हसलं.

बुधाला अण्णांची फार दया आली. तो उठून त्यांच्या कानाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "अण्णा, असं नाव सांगायचं नसतं. मी बी केलीय, पण मी बोललो का कुणाला?"