मागनं येणारा गोल

"मग खरं कुठलं, वस्ताद? टीव्ही का मोबाईल?"

इंद्या साळोखेनं तालमीच्या उंबऱ्यावरनंच विचारलं.

हिंदुराव वस्ताद बाहेर पायरीवर बसलेले. दिवसभर मैदानात पोरांच्या मागं पळून पाय भरून आलेले, ते गरम पाण्याच्या बादलीत. हातात नातीनं दिलेला मोबाईल, त्यात फुटबॉलची मॅच. आत तालमीच्या टीव्हीवर पण तीच मॅच. फरक एवढाच, टीव्हीवर आधी दिसायचं, मोबाईलवर मागनं.

इंद्याला तेवढं बास झालं. एक डोळा आत, एक बाहेर.

आता कॉर्नर मिळणार बघा, म्हणाला. मिळाला. आता त्या उंच गड्याला पिवळं कार्ड. मिळालं. असं लई वेळ ज्योतिष चाललं.

वस्ताद चिडले पण नाहीत. चिडायला पण अंगात जीव लागतो.

"शिळं बघताय की हो, वस्ताद."

"भाकरी पण शिळीच खातोय..."

इंद्याचं खरं दुखणं निराळं होतं. तालमीच्या टीमच्या गेल्या मॅचला गोलात हाच. पेनल्टीला समोरच्यानं पाय उचलायच्या आधीच ह्यानं डावीकडं झेप टाकली, आणि बॉल उजवीकडनं चालत आत गेला. तेव्हापास्नं अख्खी पेठ विचारायची, झोपायला गेलतास व्हय रे? आता रविवारी गोलात हा का दुसरा, ते वस्तादांनी सांगितलंच नव्हतं. थेट विचारायचा धीर नव्हता, म्हणून हा सगळा चावटपणा.

आत गलका उठला.

"पेनल्टी. गोल झाला." इंद्या टीव्हीकडनं वळला. "कीपर डावीकडं गेला, बॉल उजवीकडं... ठेवा तो मोबाईल. संपलं."

वस्तादांनी मोबाईल त्याच्याकडं वळवला.

इंद्या पायरी उतरून वाकला.

कीपर अजून रेषेवर उभा होता. गुडघे वाकवून.

इंद्या बघत राहिला. आणि बघता बघता आपोआप डावीकडं कलायला लागला.

वस्तादांनी बादलीतनं ओला पाय काढला, त्याच्या पावलावर ठेवला. दाबून.

इंद्या सरळ झाला.

"वस्ताद... रविवारी गोलात कोण?"

वस्तादांनी जांभई दिली. नजर मोबाईलवरच.

"थांब की, लेका... त्यानं अजून मारलाय कुठं."