कुकरच्या दांड्याचा तोरा

घरोघरी चुलीची जागा गॅसने नुकती घेतली होती, तेव्हाची गोष्ट. वत्सलावहिनींच्या ओट्यावर कुकरचा काळा दांडा मोठ्या तोऱ्यात राहायचा.

एकदा प्लास्टिकचा डबा शेगडीजवळ राहिला आणि त्याची कड वाकडी झाली. दांडा खो खो हसला. "जरा धग लागली की लोळण घेतोस होय रे?"

"काय करू दादा," डबा ओशाळून म्हणाला. "माझ्या अंगातल्या रेणूंच्या साखळ्या नुसत्या शेजारी शेजारी पडलेल्या. तापल्या की घसरतात."

"माझ्या साखळ्यांनी एकमेकींचे हात घट्ट धरलेत. एकदा साच्यात घडलो तो कायमचा. मी वितळत नाही!"

"माझ्याही धरतात, पण सैलसर," कुकरची रबरी रिंग म्हणाली. "म्हणून तर ताणलं तरी मी जागेवर येते."

दांड्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कुकर ओट्यावरून पडला आणि दांड्याचे दोन तुकडे झाले. वहिनींनी ते तुकडे आणि वाकडा डबा भंगारवाल्यापुढे ठेवले. त्याने डबा पोत्यात टाकला. "वितळवला की याची छान बादली होईल."

तुकडे मात्र त्याने परत केले. "हे राहू द्या, वहिनी. हे वितळत नाही."

हेच वाक्य दांडा जन्मभर मिरवत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ते त्याने आज पहिल्यांदाच ऐकलं.